अठ्ठ्याण्णव सालची बरणी

१

“हा तांदूळ कुणी मोजला?”

श्रीमती इंजाईंनी हे इंग्रजीत, सावकाश विचारलं, आणि हॉलमधली कुजबुज बंद झाली. बाई गिनी-बिसाऊच्या शेती खात्यातल्या. तिथले आणि गांबियाचे मिळून दहाबारा अधिकारी विद्यानगरजवळच्या या संस्थेत प्रशिक्षणाला आले होते. बाईंचं बोट एका काचेच्या बरणीवर टेकलं होतं. बरणीच्या तळाशी मूठभर कणी होती आणि पुढं छापील कार्ड उभं होतं. वर १९९८, खाली टनांचा आकडा.

“त्या वर्षी जूनमध्ये आमच्या राजधानीत लष्कराचं बंड झालं. मी शाळेत होते. तोफा चालू होत्या, लोक घरदार टाकून पळत होते. बंदरावर किती पोती उतरली हे लिहून घ्यायला तुमचा कोण माणूस तिथं उभा होता?”

हॉलमधली माणसं त्या बरणीकडं वळून बघू लागली.

प्रदर्शन तसं साधंच होतं. दोन लांब टेबलं. एकावर गांबिया, दुसऱ्यावर गिनी-बिसाऊ. दोन्ही देश लहान, दोन्ही आफ्रिकेच्या पश्चिम काठाला, दोन्हीकडं भात हेच रोजचं जेवण आणि त्यातला मोठा वाटा बाहेरून येणारा. हा वाटा वर्षानुवर्षं कसा चढला-उतरला हे तक्त्यात वाचायला गेलं की माणूस जांभया देतो. म्हणून संस्थेतल्या गीतानं दर वर्षाला एक बरणी मांडली होती. जितकी आयात, तितकी उंच कणी. कणीच का, तर तिकडं जाणारा तांदूळ बराचसा कणीचाच असतो. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं की तो देश बाहेरच्या तांदळावर कसा अवलंबून होत गेला ते डोळ्यांना दिसायचं. पाहुणे मघापर्यंत खूश होते.

शेवटच्या रांगेत गीताची आत्या, विमलाबाई, कडक इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. भाचीचं कौतुक बघायला सिकंदराबादहून आल्या होत्या, आणि बघायला मिळालं ते हे.

विभागप्रमुख डॉ. अरविंद चटकन उठले. “मॅडम, हे सगळं काम आमच्या तात्पुरत्या संशोधक गीता यांचं. आकडा मिळाला नाही म्हणून त्यांनी मनानं टाकलेला दिसतो. संस्थेच्या वतीनं मी माफी मागतो.”

“मी ती बरणी रिकामी ठेवली होती!” गीता म्हणाली. “कार्डावर आकडा नव्हताच!”

“मग काय उंदरानं छापला?” अरविंद मराठीत, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. दोघंतिघं हसले.

संचालक एकनाथरावांनी हात वर केला. “गीता, तुम्ही बाहेर थांबा. उद्या समारोपाच्या आत राजीनामा माझ्या टेबलावर पाहिजे.”

विमलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

२

विमलाबाई रेल्वेच्या क्लेम खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. मालगाडीतून माल गहाळ झाला की भरपाई मागायला व्यापारी यायचे. तो माल कुठं गेला, कसा गेला, की मुळात चढलाच नव्हता, हे शोधणं त्यांचं काम. पोतं कुठं फाटलंय यावरून कुणी फाडलं ते सांगायच्या. नाकावर राग कायमचा. सहकारी म्हणायचे, बाईंना चहा द्यायचा तर आधी फुंकर बाईंवर मारावी, मग चहावर.

त्या न विचारता संचालकांच्या केबिनमध्ये शिरल्या.

“विमल? तू?” एकनाथराव उठून उभे राहिले. जामबागेतल्या शाळेत दोघं एका वर्गात होते.

“गीता माझी भाची आहे, एकनाथ. तू चौकशी केलीस का फक्त फाशी दिलीस?”

“अगं, पाहुण्यांसमोर संस्थेचं नाक कापलं गेलं!”

“तुझं नाक राहू दे. त्या लेकराचा गळा कापायलास तू. आकडे बनवणारी, असं नाव एकदा लागलं की या शहरात सोड, देशात कुणी तिला दारात उभं करणार नाही. तिच्या बापानं कशातून शिकवलं असेल तिला, ते आमचं घर बघितलेल्या तुला सांगायला नको.”

एकनाथराव चष्मा पुसू लागले. चष्मा पुसणारा माणूस निम्मा वाकलेला असतो, हा विमलाबाईंचा नोकरीतला अनुभव.

“उद्या दुपारी समारोप आहे,” ते शेवटी म्हणाले. “तोवर काय ते बघ. पण आरडाओरडा नको.”

“आरडाओरडा मी करणारच,” विमलाबाई म्हणाल्या आणि दार आपटून बाहेर आल्या.

हॉल रिकामा झाला होता. गीता बरणीसमोर उभी होती. रडत नव्हती. दात आवळून उभी होती आणि ते विमलाबाईंना बरं वाटलं.

“आता सांग. सगळं, आणि सरळ.”

गीतानं सांगितलं. अठ्ठ्याण्णव सालचा भरवशाचा आकडा तिला कुठंच मिळाला नव्हता. अरविंदसर म्हणाले, मागच्या वर्षाचा नि पुढच्या वर्षाचा घे, मधला काढ, लाव. त्याप्रमाणं कार्डंसुद्धा छापून आली. गीता अडून बसली. ‘माहीत नाही’ हेसुद्धा एक उत्तर असतं, म्हणाली. तिनं ‘माहिती उपलब्ध नाही’ असं इंग्रजीत एक नवं कार्ड छापून आणलं, जुनं सरांच्या टेबलावर टाकून आली आणि बरणी रिकामी ठेवली. काल संध्याकाळी सगळं मांडून तिनं किल्ली ऑफिसात दिली. आज सकाळी तिला पाहुण्यांना आणायला गेस्ट हाऊसवर पाठवलं. ती आली ती त्यांच्यासोबतच.

“आणि हे कार्ड?”

“जुनंच. सरांचा तो मधला आकडा आहे याच्यावर. पण सरांच्या टेबलावरून कुणीही उचलू शकतं, आत्या. केबिन उघडीच असते.”

विमलाबाई बरणीकडं वाकून बघत राहिल्या. “या आकड्याला कणी किती पाहिजे?”

गीतानं बरणीच्या गळ्याच्या जरा खाली बोट ठेवलं. “इथपर्यंत.”

“आणि आहे तळाला. मूठभर. आता मला सांग, खोटं बोलायला निघालेला माणूस अर्धंच खोटं का बोलेल? कार्ड बदललं, मग बरणी का नाही भरली?”

विमलाबाईंनी सवयीनं टेबलावरचं कापड उचललं. मालाच्या खाली काय आहे ते आधी बघायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. खाली तीन बरण्या होत्या.

“या कशाच्या?”

“जादा आणलेल्या. फुटल्या तर असाव्यात म्हणून. रिकाम्या आहेत त्या.”

विमलाबाईंनी एक ओढून उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्हींच्या तळाशी मूठमूठ कणी होती.

३

हे काही जुळेना. अठ्ठ्याण्णवच्या बरणीत कणी घालण्यात कुणाचा तरी फायदा असेल. टेबलाखालच्या, नाव ना साल अशा बरण्यांत कणी घालून कुणाचं काय साधणार होतं?

विमलाबाईंनी तो प्रश्न डोक्यात ठेवला आणि अरविंदांच्या केबिनमध्ये गेल्या.

अरविंद हसून बोलले. गुळगुळीत माणूस. “बसा मॅडम. तुमच्या भावना समजतात. पण खरं सांगू? गीताला आम्ही मोठ्या मनानं घेतलं. अशा मुलींना संधी दिली पाहिजे हे माझंही मत आहे. पण संशोधनाला एक संस्कार लागतो. तो घरातून येतो.”

“कसल्या मुलींना?” विमलाबाईंनी विचारलं.

“म्हणजे... मागास भागातून आलेल्या.”

“गीता मराठवाड्यातली, आणि मराठवाड्यातून तर तुम्हीही आलात. भाग एकच आहे. तुम्हाला जे म्हणायचंय ते वेगळं आहे आणि ते मला कळलं. पुढं बोला.”

अरविंदांचं हसू जरा आकसलं. “पुढं काय? आकडा तिनं टाकला. मी त्या प्रदर्शनाकडं फिरकलोही नाही. बरण्या, कणी, ही खेळणी आहेत. बालवाडीचं काम. ती आणि युवराज आठवडाभर मापं घेऊन ओतत बसले होते, मी एकदासुद्धा हात लावला नाही. आज सकाळी पडदा नीट आहे का एवढं बघून आलो. या विषयावरचं खरं काम हे आहे.” त्यांनी एक छापील लेख पुढं सरकवला. “गेल्या महिन्यात आला. वाचा, कळला तर.”

विमलाबाईंनी पानं उलटली. पहिल्याच पानावर मोठा आलेख होता. दोन रेघा, एक गांबियाची, एक गिनी-बिसाऊची, डावीकडून उजवीकडं चाललेल्या, कुठंही न तुटलेल्या. लेखाखाली एकच नाव होतं, अरविंदांचं.

“छान छापलाय,” त्या म्हणाल्या. “हा माझ्याकडं राहू दे.”

कॅन्टीनमध्ये युवराज सापडला. गीताचा सोबती, त्याच प्रकल्पावर, तसाच तात्पुरता. दोघांत कायमची जागा एक. चहाचा कप त्यानं दोन्ही हातांत धरला होता आणि चहावर साय आली होती.

“आंटी, मी काही नाही केलो. कसम से. मी आणि गीतानं मिळून कणी ओतली, सगळ्या बरण्या. पट्टी लावून, मोजून. आज सकाळी मी प्रोजेक्टर लावायला आत गेलो, लावला, बाहेर आलो. बस.”

“बरणीकडं बघितलंस?”

“नाही ना. टाइम कुठं होता?”

“गीतानं आकडा टाकला असेल असं तुला वाटतं?”

त्यानं बोटानं चहावरची साय बाजूला केली. “माझं बोलून काय होणार आहे, आंटी? एकच पोस्ट आहे.”

प्रश्न काय आणि उत्तर काय! विमलाबाईंना त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण त्याच्या कपातला चहा हिंदकळत होता. बोलायचं असून गिळून बसलेली माणसं त्यांनी मालधक्क्यावर पुष्कळ पाहिली होती. त्यांनी कान मोकळा सोडला.

“उरलेली कणी कुठं ठेवलीय?”

“भाग्यलक्ष्मी मॅडमच्या कपाटात. किल्ली त्यांच्याकडंच असते. हॉलचीपण.”

४

भाग्यलक्ष्मी संस्थेच्या कार्यालयाच्या प्रमुख. संचालक चार झाले, त्या तिथंच. कपाळाला मोठं कुंकू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. घरची माणसं शेतकरी, निजामाच्या काळापासून. आता घरात ट्रॅक्टरऐवजी दोन मोटारी, पण बोलण्यात अजून शेत होतं.

“बसा ताई. लेकराचं लई वाईट झालं बगा. मी तिकडं चहाच्या टेबलापाशी होते, मला नंतर कळलं. कसला आकडा चुकला म्हणे.”

“हॉल सकाळी तुम्ही उघडलात?”

“हौ. मीच उघडते. समई लावली, उदबत्ती लावली. परदेशाची माणसं यायलीत, शुभ काम आहे.”

“आणि कणी?”

“कुठली कणी?”

“बरण्यांत घातलीत ती.”

विमलाबाईंनी हा तीर अंधारातच मारला होता. पण भाग्यलक्ष्मी दचकल्या नाहीत, की चपापल्या नाहीत. उलट कौतुक व्हावं तशा हसल्या.

“ती होय? अय्यो, पोरींना काही कळतं का ताई? धान्याची बरणी रिकामी ठेवतात काय कुणी? आमच्या घरी कणगी झाडून पुसून घेतली तरी मूठभर तळाला सोडायची. रिकामी दिसली तर सासू अंगावर यायची. लक्ष्मी रुसते म्हणायची. या पोरीनं वर एक रिकामी ठेवली, खाली तीन. मला काय बघवेना. पोत्यातून मूठ मूठ घातले. शुभ दिवशी अपशकून कायकू?”

विमलाबाईंच्या घरी कणगीच नव्हती. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये कामाला, घरात आठवड्याचा तांदूळ यायचा आणि आठवड्यात संपायचा. रिकामा डबा हा रोजचा पाहुणा, त्याचा कसला शकून नि कसला अपशकून! म्हणूनच टेबलाखालच्या तीन बरण्यांचं कोडं त्यांना सुटलं नव्हतं आणि गीताला स्वप्नातही सुचलं नसतं. ज्यांच्या घरी कणग्या भरायच्या, त्यांचीच ही रीत.

“भाग्यलक्ष्मीबाई, त्या बरणीतली कणी म्हणजे तांदळाची आयात होती. रिकामी म्हणजे माहीत नाही. तुम्ही मूठ घातलीत, ती आकडा झाली. त्यावरून पोरीचा राजीनामा मागितलाय.”

भाग्यलक्ष्मींचा चेहरा उतरला. त्या उठल्या तशा कमरेच्या किल्ल्या खळखळल्या. “म्या? म्या केलं हे? देवा! मी आत्ता जाते साहेबांकडं. काढू दे मला नोकरीवरून!”

“थांबा. तुम्ही निम्मंच केलंय, आणि तेही पापानं नाही. मला एक सांगा. मूठ घातलीत तेव्हा पुढं कार्ड होतं?”

“होतं की. इंग्लिशची एक ओळ होती. मी बघितले ना नीट. बाकी सगळ्यांवर आकडे, याच्यावरच नाही, म्हणून तर नजर गेली.”

“नंतर हॉलमध्ये कोण कोण गेलं?”

“युवराज गेला, मशीन लावायला. अरविंदसर गेले, पडदा बघायला. मी दारातच तोरण बांधत होते. तिसरं कुणी नाही. मग पाहुणेच आले.”

म्हणजे कार्ड या दोघांपैकी एकानं बदललं होतं. आणि दोघंही विमलाबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून, बरणीकडं गेलोच नाही, असं सांगून बसले होते.

५

दुसऱ्या दिवशी समारोपाला पाहुणे यायच्या आधी विमलाबाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. एकनाथराव कपाळाला आठ्या घालून होते. अरविंद फोनवर काहीतरी बघत होते. युवराज भिंतीला टेकला होता. गीता आत्याच्या शेजारी उभी होती. भाग्यलक्ष्मींनी मुठीची हकिगत रडत रडत आधीच सांगून टाकली होती.

“झालं तर मग,” अरविंद म्हणाले. “गैरसमज झाला. कणी बाईंनी टाकली. पण कार्ड तर गीताचंच ना?”

“तिकडंच येते,” विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाखालच्या दोन बरण्या रिकाम्या करून वर मांडल्या आणि मध्ये कणीचं पोतं ठेवलं. “या कार्डावरच्या आकड्याएवढी कणी दोघांनी घाला. तुम्ही एकात, युवराजनं एकात.”

“हा काय तमाशा आहे, सर?” अरविंद एकनाथरावांकडं वळले.

“घाला हो,” एकनाथराव कंटाळून म्हणाले. “संपवा एकदाचं.”

युवराजनं कणी घेतली, ओतली, बरणी हलवून सपाट केली आणि गळ्याच्या जरा खाली थांबला. पट्टी त्याला लागली नाही. अरविंदांनी दोन ओंजळी टाकल्या, बरणीकडं बघितलं, कार्डाकडं बघितलं, आणखी अर्धी टाकली आणि हात झटकले. त्यांची कणी अर्ध्यालाही पोचली नव्हती.

“झालं?” विमलाबाईंनी विचारलं.

“साधारण एवढीच.”

“साधारण! आता ऐक एकनाथ. ज्यानं कार्ड बदललं त्याच्यासमोर बरणी होती आणि बरणीत मूठभर कणी होती. गीता असो की युवराज असो, या दोघांनी आठवडाभर पट्टी लावून ओतलंय. एवढ्या आकड्यापुढं मूठभर कणी बघितली असती तर यांच्या डोळ्यांत खुपलं असतं. खोटं करायचंच होतं तर यांनी आधी बरणी भरली असती, मग कार्ड ठेवलं असतं. ज्यानं बदललं त्याला काही खुपलं नाही. बरणीत काहीतरी आहे, म्हणजे बरोबर असेल, एवढंच त्यानं बघितलं. कणी किती म्हणजे टन किती, हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस तो. आणि भाग्यलक्ष्मीबाईंनंतर हॉलमध्ये गेलेल्या दोघांत असा एकच आहे. त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मी या खेळण्यांना एकदासुद्धा हात लावला नाही म्हणून. ते खरं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!”

अरविंदांचा चेहरा लाल झाला. “हा पुरावा आहे? मूठभर कणीवरून? मला काय गरज होती?”

विमलाबाईंनी तो छापील लेख टेबलावर उघडून ठेवला. “ही गरज. गेल्या महिन्यात छापलंत. बिसाऊची रेघ कुठं तुटलीय, दाखवा मला. नाही तुटली. अठ्ठ्याण्णव सालच्या जागी तुमचा तो मधला आकडा बसलाय आणि खाली एका शब्दानं कबुली नाही. आणि इथं तुमच्याच हॉलमध्ये, बिसाऊच्या माणसांसमोर, गीताचं कार्ड सांगत होतं की हा आकडा कुणालाच माहीत नाही. ते कार्ड आणि हा लेख एका छपराखाली नांदू शकत नव्हते.”

“कल्पना आहेत या सगळ्या,” अरविंद म्हणाले, पण ते एकनाथरावांकडं बघत होते. “युवराजसुद्धा आत गेला होता!”

“गेला होता. युवराज, मी आत्ताच सांगितलं, तू हे केलेलं नाहीस. तुझ्यावर आता काही नाही. आता तुला कशाची भीती आहे ते तूच बघ.”

युवराज भिंतीपासून सुटा झाला. त्याचे डोळे भरले होते.

“मी वायर लावायलो होतो, सर,” तो एकनाथरावांना म्हणाला. “टेबलाच्या मागं, खाली बसून. यांना दिसलो नाही. यांनी खिशातून कार्ड काढलं, ते ठेवलं, गीताचं घेतलं. मला वाटलं काही करेक्शन असेल. मग सगळ्यांसमोर हे गीताचं नाव घेतले तेव्हा... मी उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. पोस्ट एकच आहे ना.”

गीता त्याच्याकडं बघत होती. “आठवडाभर एका पोत्यातून कणी घेतली आपण,” ती म्हणाली. “आणि तू खाली बसून राहिलास.”

एकनाथराव खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला.

“अरविंद, काय हे?”

“सर, अंदाज सगळेच लावतात. ही पद्धत आहे.”

“अंदाज लावतात आणि अंदाज आहे असं लिहितात,” गीता म्हणाली. “तुम्ही लिहिलं नाही. आणि पकडलं गेल्यावर अंदाज माझा झाला.”

एकनाथरावांनी घसा साफ केला. “गीता, तुझा राजीनामा नको. जागेचंही मी बघतो. अरविंदांवर काय करायचं ते समिती ठरवेल. पाहुणे येतच आहेत, आता हे इथंच मिटवू. आतल्या आत. विमल, झालं ना तुझ्या मनासारखं?”

विमलाबाईंचा राग आता कुठं खरा वर आला. त्या ओरडल्या नाहीत, आणि म्हणून एकनाथराव जास्त घाबरले.

“चोरीचा आळ भर बाजारात घेतलास आणि माफी माजघरात मागणार? काल या खोलीत माणसं होती. तिथं तू हिला विचारलंस का एकदा, की बाई, काय झालं? माझ्याकडं गावठी हमाल यायचे, अंगठेबहाद्दर. त्यांच्यावर आळ आला तरी मी आधी त्यांना विचारायची, मग पोत्याला. तू शिकलेली पोर समोर उभी असून विचारलं नाहीस. कारण तुला वाटलं, ही असंच करणार. खरं की नाही ते सांग.”

एकनाथरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. दारात पाहुण्यांचे आवाज आले. श्रीमती इंजाई पुढं होत्या. टेबलावर उघडा लेख, दोन अर्ध्यामुर्ध्या बरण्या आणि रडलेली माणसं बघून त्या थांबल्या.

“आम्ही नंतर येऊ का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” एकनाथराव उठले. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले. “काल मी तुमच्यासमोर चूक केली. तो आकडा डॉ. अरविंद यांनी लावला होता. गीतांनी नाही.” मग ते गीताकडं वळले आणि काल त्यांना जे सुचलं नव्हतं ते विचारलं. “गीता, ती बरणी तुम्ही कशी ठेवली होती?”

“रिकामी,” गीता म्हणाली. “कारण त्या वर्षी तिथं किती तांदूळ आला ते मला माहीत नाही. शोधलं, पण मिळालं नाही. मी या कामाच्या आधी त्या वर्षाबद्दल कुणाला विचारायला पाहिजे होतं, आणि कुणाला विचारायचं तेही मला माहीत नव्हतं.”

श्रीमती इंजाई तिच्याजवळ आल्या. त्यांनी अरविंदांकडं एकदा बघितलं आणि नंतर बघितलंच नाही.

“बाहेरून किती आला ते मलाही माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण आम्ही काय खाल्लं ते मला माहीत आहे. आम्ही आईबरोबर चालत गावाकडं गेलो. गावातल्या माणसांनी खाडीकाठच्या शेतातला आपला तांदूळ आमच्यासारख्या शहरातून आलेल्यांना वाटून दिला. पेरणीला ठेवलेलाही दिला. तो कुठल्याही बंदरावर उतरला नाही, म्हणून कुणी मोजला नाही. तुमच्यासारखी माणसं आमच्याकडं येतात, बंदरावरचे आकडे मागतात आणि जातात. हे मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. मला याचा फार राग आहे.”

“मलाही,” गीता म्हणाली.

तिनं दोन खुर्च्या ओढल्या, एक श्रीमती इंजाईंना दिली, एकीवर स्वतः बसली आणि म्हणाली, “कुठलं गाव? पहिल्यापासून सांगा.”